ऐंशीपर्यंत शांत, शंभरावर थरथर: मॉडिफाय केलेल्या गाडीचा हादरा कसा शोधायचा

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झाला, तेव्हापासून कारंजा लाडच्या आमच्या गॅरेजात एक तक्रार फार येते. ‘भाऊ, गावात गाडी एकदम बरी चालते, शंभरच्या वर गेली की स्टिअरिंग थरथरतं.’ आधी इकडच्या रस्त्यांवर काटा शंभरला टेकतच नव्हता, दोष लपून राहायचा. आता कारला १२० ची मुभा आहे आणि सगळं उघडं पडतं. गाडी बहुतेक वेळा खाली बसवलेली, मोठे अलॉय (मिश्रधातूच्या रिम) टाकलेली, रीमॅप केलेली म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली असते. मालकाने दोन-तीन ठिकाणी बॅलन्सिंग करून घेतलेलं असतं आणि कुणीतरी ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणारा दांडा, बदलायला सांगितलेलं असतं.

थांबा. हादरा चाकाच्या फेऱ्यांबरोबर येतो की इंजिनच्या, हे कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

चारही टायरची हवा थंड असतानाच मोजा, शेजारी एक माणूस बसवा. निरीक्षण त्याने करायचं, तुम्ही रस्ता बघायचा. सरळ, मोकळ्या पट्ट्यावर हादरा येतो तो वेग धरा आणि त्याच वेगात एक गिअर खाली घ्या. हादरा जसाच्या तसा राहिला तर तो चाकांकडचा. आरपीएम (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्या) वाढल्याबरोबर बदलला तर इंजिनकडे बघा. इंजिन धरून ठेवणारे पॉलियुरेथेनचे कडक माउंट टाकले असतील तर पहिला संशय त्यांच्यावर. मग अॅक्सिलरेटर दाबून बघा आणि सोडून बघा. दाबल्यावर जोरात आणि सोडल्यावर गायब, असं असेल तर शाफ्टचा आतला जॉइंट तपासा. गाडी खूप खाली घेतली की शाफ्टचा कोन बदलतो आणि हा जॉइंट घासत जातो. फक्त ब्रेक मारतानाच थरथर असेल तर डिस्क बघा. समृद्धीच्या काँक्रीटला सांधे आहेत, त्यांची टक्-टक् वेगळी. म्हणून एकदा डांबरी रस्त्यावरही खात्री करून घ्या.

स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या चाकांत, सीट आणि फ्लोअर हलत असेल तर मागच्या. चारही टायर एकाच साइजचे असतील, तर पुढची चाकं त्याच बाजूला मागे टाकून बघा. हादरा जागा बदलतो का, त्यावरून पुष्कळ कळतं.

आता चाक खोला. जॅकवर विसंबून राहू नका, खाली स्टँड लावा. विटा, दगड अजिबात नकोत. आणि सगळ्यात आधी रिमची आतली बाजू बघा. आपल्याकडे हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा मोठा आहे. पावसाळ्यात गाडी पांदणीने वावरापर्यंत जाते आणि काळी माती रिमच्या आत चिकटते. बाहेरून अलॉय धुऊन चकचकीत, आत मात्र वाळलेल्या मातीचा जाड थर. मंगरूळपीरच्या एका पोलो जीटीच्या रिममधून मी असाच थर लाकडी पट्टीने काढला. त्यात कपाशीच्या पऱ्हाटीचे तुकडे रुतलेले होते आणि खाली बॅलन्सिंगची चिकटवजनं पूर्ण झाकली गेली होती. वीस ग्रॅम मातीने काय होतं ते बघा: २०५/४५ आर १७ चं चाक ताशी शंभरला सेकंदाला चौदाच्या वर फेऱ्या घेतं आणि रिमच्या काठावरची ती माती साडेतीन किलोच्या आसपास जोर लावते. पन्नासला तोच जोर एक किलोही नसतो, कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. आधी धुवा, मग बॅलन्सिंग. मातीसकट केलेलं बॅलन्सिंग माती गळली की वाया.

धुऊनही हादरा राहिला तर चाक हबवर, म्हणजे ते ज्या मधल्या भागावर बोल्टने बसतं त्यावर, नीट बसतं का ते बघा. बाहेरून घेतलेल्या अलॉयमध्ये माझ्या मते हीच जागा सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. पोलोचा हब ५७.१ मिलिमीटरचा. बाजारातल्या अनेक अलॉयचं मधलं भोक त्याहून मोठं असतं, म्हणजे मधली फट भरणारी बरोबर मापाची हब रिंग हवी. ती फुटलेली, वितळलेली किंवा गायब असू शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोल्ट. फोक्सवॅगनच्या कंपनी बोल्टची बैठक, म्हणजे रिमला टेकणारा भाग, गोल असते, बाहेरच्या अलॉयची बहुतेक वेळा शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूच्या भोकात बसवला तर तो पूर्ण टेकत नाही. बोल्ट काढून उजेडात धरा: बैठकीवर रुंद, सारखा घासलेला पट्टा हवा. तिथे फक्त बारीक चमकदार रेघ दिसली तर ती गाडी त्या बोल्टांवर चालवू नका. तो बोल्ट सैल होतो, आणि प्रश्न थरथरीचा राहत नाही, चाक निसटण्याचा होतो. हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा, बोल्ट हाताने फिरवत सुरू करा आणि समोरासमोरचे घट्ट करत जा. शेवट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), पोलोला १२० न्यूटन मीटर. हवेच्या गनने एका दमात ठोकलेलं चाक वाकडं बसू शकतं.

मग चाक हाताने फिरवा आणि रिमच्या काठाजवळ पेन्सिल स्थिर धरा. फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकलेली आहे. बुटक्या टायरवर एक खड्डा पुरेसा होतो. एक मिलिमीटरच्या वर फरक दिसला तर डायल गेज (बारीक फरक मोजणारं काट्याचं यंत्र) असलेल्याकडे जा. टायरवरही तशीच पेन्सिल धरा आणि दोन्ही बाजूंनी हात फिरवा. फुगवटा किंवा एका जागी उंचवटा लागला तर आतले धागे तुटलेत किंवा पट्टे सुटत आहेत. मे महिन्याच्या उन्हात असा टायर घेऊन महामार्गावर जाऊ नका, एका फेरीसाठीसुद्धा नाही. बेअरिंगचा घूं-घूं आवाज वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो. तो ओळखायला सोपा.

एवढं झाल्यावर बॅलन्सिंग. मशीनवर चाक मधल्या भोकावर सरळ बसलं का, ते स्वतः उभं राहून बघा. वजनं लावल्यावर चाक सोडून पुन्हा बसवायला सांगा आणि परत फिरवा. दुसऱ्यांदा आकडा शून्याच्या आसपास आला नाही, तर चाक मशीनवर नीट बसलेलं नव्हतं. मशीनवर सगळं शून्य दाखवूनही गाडी थरथरत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. रिमचा उंच भाग आणि टायरचा उंच भाग एकाच जागी आले की नुसती वजनं लावून काही होत नाही. हवा, बोल्ट आणि हब रिंग बघून मग चाचणीला निघा. पन्नास-साठ किलोमीटर चालल्यावर चाकं थंड झाली की टॉर्क पाना पुन्हा एकदा लावा.