बौद्ध इतिहास अन् संस्कृत साहित्यशास्त्राची जाड पुस्तकं वाचताय? या चुका टाळा

दसऱ्याला दीक्षाभूमीवरून लोक पिशव्या भरून पुस्तकं आणतात, आमच्या पवनीकडच्या गावातूनही दरवर्षी गाडी जाते, अन् धान कापणीला येईपर्यंत त्यातली जाड जाड पुस्तकं विहाराच्या कपाटात येऊन बसतात, पहिल्या वीस पानांवर पेन्सिलीच्या खुणा अन् पुढं सगळं कोरं. काऊन सोडलं विचारलं की उत्तर ठरलेलं, "दादा, हे आपल्या डोक्याच्या वरचं हाय." मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण ते कपाट मी सांभाळतो अन् पाहिलंय की माणूस डोक्यामुळं अडकत नाही, एखाद्या बारक्या आकड्यावर नाहीतर शब्दावर अडकतो अन् तिथं सांगणारं कोणी नसतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते संदर्भाच्या आकड्यावर. पालीत एम.ए. करणारी गावातलीच एक पोरगी आली, तिच्या पुस्तकात लिहिलं होतं "दी. नि. 2.100", दी. नि. म्हणजे दीघनिकाय, बुद्धाच्या लांब उपदेशांचा पाली संग्रह, तिनं देवनागरी दीघनिकायाचा दुसरा भाग काढला, शंभरावं पान उघडलं तर तिथं भलतंच काहीतरी. तिला वाटलं लेखकानं चुकीचं लिहिलं. चूक कोणाचीच नव्हती, अभ्यासक जो आकडा देतात तो बहुतेक वेळा लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीच्या रोमन प्रतीचा असतो, दुसरा खंड पान शंभर असा. नालंदाची 41 खंडांची देवनागरी प्रत वेगळी, इगतपुरीच्या विपश्यना संस्थेची वेगळी, पानं जुळणारच नाहीत. मंग करायचं काय, तर आधी सुत्ताचं, म्हणजे त्या उपदेशाचं, नाव अन् क्रमांक धरायचा. हा आकडा महापरिनिब्बान सुत्तातला, सगळा दीघनिकाय सलग मोजला तर ते 16 वं सुत्त, पण काही देवनागरी प्रतींत दुसऱ्या भागाची मोजणी नव्यानं सुरू होते, तिथं ते 3 रं दिसेल, म्हणून नाव पक्कं धरा. नालंदा प्रतीत तर पानाच्या कडेला रोमन प्रतीचे पानआकडे बारीक टाइपात दिलेले आहेत, आधी तिकडं नजर टाका. धम्मपदाला ही कटकट नाही, तिथं 423 गाथांचे आकडे धरून चालतं.

ती जागा शेवटी सापडली तेव्हा आम्ही दोघंही थांबलो. आपल्या भिंतीवर, पत्रिकेवर, गाडीच्या काचेवर "अत्त दीप भव" लिहिलेलं असतं, पण त्या ठिकाणी शब्द आहेत "अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा", स्वतःच दीप होऊन, स्वतःलाच शरण जाऊन, दुसऱ्या कोणाला नाही, असे राहा, म्हणजे अनेकवचन, आनंदाला सांगताना भगवान सगळ्या भिक्खूंशी बोलताहेत. अन् पालीत दीप म्हणजे दिवा पण होतो अन् बेट पण होतं, संस्कृतात मात्र दीप अन् द्वीप असे दोन शब्द आहेत. त्यामुळं एका पुस्तकात "स्वतःच दिवा व्हा" अन् दुसऱ्यात "स्वतःच बेट व्हा" दिसलं तर लगेच अनुवादकाला नावं ठेवू नका. पुरात वैनगंगा कशी पसरते ते पाहिलेल्या माणसाला बेटाचा अर्थ समजवावा लागत नाही. भिंतीवरचं पुसायची काही गरज नाही, मूळ ओळ माहीत असली म्हणजे झालं.

सनावळीचं पण असंच. एका पुस्तकात महापरिनिर्वाण इ.स.पू. 483, दुसऱ्यात 544, तिसऱ्यात जवळपास 400, लोक वैतागतात. तिन्ही हिशेब वेगवेगळ्या मोजणीचे आहेत. श्रीलंका, म्यानमारसारख्या थेरवादी देशांचा बुद्धाब्द, म्हणजे बुद्धाच्या नावानं चालणारी कालगणना, 544 धरतो, म्हणून तर 1956 साली महापरिनिर्वाणाची 2500 वर्षं धरून मोठी बुद्धजयंती झाली. श्रीलंकेच्या वंसग्रंथांत, म्हणजे जुन्या पाली इतिहासग्रंथांत, निर्वाणानंतर 218 वर्षांनी अशोकाचा अभिषेक सांगितलाय, अभिषेक इ.स.पू. 268 च्या आसपास धरला की 486 येतं, तिथून 483 काही लांब नाही. काही संस्कृत परंपरेत तेच अंतर फक्त 100 वर्षांचं आहे, म्हणून काही अभ्यासक तारीख बरीच खाली आणतात. टिपण काढताना नुसता आकडा लिहू नका, बाजूला कोणती मोजणी तेही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तुमच्याच वहीत दोन तारखा भांडतील. जुन्या मराठी पुस्तकावर "शके 1880" दिसलं तर 78 मिळवा, 1958.

मी स्वतः केलेली चूक सांगतो. जुन्या बौद्ध कवी अश्वघोषाचं बुद्धचरित, म्हणजे बुद्धाच्या आयुष्यावरचं संस्कृत काव्य, घेतलं, घरी आल्यावर पाहतो तर संस्कृत चौदाव्या सर्गाशी तुटलेलं अन् प्रस्तावनेत म्हणे काव्य 28 सर्गांचं. मला वाटलं फर्मा, म्हणजे छापील पानांचा एखादा गठ्ठा, बांधताना राहिला, दुकानदाराला फोनवर नको ते बोललो. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती, मूळ संस्कृतच तेवढं उरलंय, पूर्ण काव्य तिबेटी अन् चिनी अनुवादात आहे. जुन्या काही छापील प्रतींत 17 सर्ग दिसतात, पण तो शेवटचा भाग एकोणिसाव्या शतकात नेपाळच्या अमृतानंद पंडितानं रचून जोडलाय, तिथला श्लोक अश्वघोषाच्या नावावर भाषणात घालू नका. फर्मा तपासायचाच, पण प्रस्तावना वाचून मंग.

आता साहित्यशास्त्र. इथं चूक होते ती ओळखीच्या शब्दांनी. ध्वनी म्हणजे आवाज समजून नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनाला वाचायला घेतलं तर दोन पानांत माणूस हरवतो. शास्त्रातलं ठरलेलं उदाहरण आहे "गंगेवर गवळीवाडा", आपण वैनगंगेवर आणू. "पोरगी वैनगंगेवरच्या गावात दिली" असं बाप सांगतो तेव्हा घर पाण्यावर आहे असं कोणी समजत नाही, काठावर समजतो, ही लक्षणा. पण बापाला सांगायचं असतं की पाण्यासाठी पोरीला वणवण नाही, हे न बोलता पोचतं, ते व्यंग्य, अन् असं न बोललेलंच जिथं मुख्य होऊन बसतं त्या काव्याला ध्वनी म्हणायचं. एवढं बसलं की पुढची शंभर पानं सरळ जातात.

वैदर्भी रीती, म्हणजे लिहिण्याची एक शैली, असं वाचलं की आपली छाती फुगते, फुगू द्या, पण वैदर्भी म्हणजे विदर्भातल्या माणसानं लिहिलेलं असा अर्थ काढू नका. साहित्यशास्त्रकार वामन "रीतिरात्मा काव्यस्य", रीती हा काव्याचा आत्मा, म्हणतो अन् हेही स्पष्ट करतो की विदर्भ वगैरे भागातल्या कवींत दिसली म्हणून ते नाव, देशामुळं काव्याला काही मिळत नाही. काव्याचे त्यानं सांगितलेले दहाही गुण असतील ती वैदर्भी.

अन् बौद्ध इतिहास एका फळीवर, काव्यशास्त्र दुसऱ्या फळीवर असं ठेवू नका. अश्वघोष दोन्हीकडचा आहे. त्याचं सौंदरनंद 18 सर्गांचं, बायकोत जीव अडकलेल्या नंदाची कथा, अन् शेवटी अश्वघोष स्वतःच सांगतो की ही रचना मन शांत व्हावं म्हणून आहे, रमवण्यासाठी नाही, कडू औषध पोटात जावं म्हणून मध घालतात तसं काव्य घातलंय. हे काव्य हातात आलं तर शेवटचे दोन श्लोक आधी वाचा अन् मंग पहिल्या सर्गाला लागा.