प्रोप्रायटरी ड्रायव्हर सांभाळून नव्या कर्नेलची चाचणी

लिनक्स कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आरसी आवृत्त्या (अंतिम प्रकाशनाआधीच्या चाचणी आवृत्त्या) मी ज्या संगणकावर तपासतो, त्यात पहिल्यापासून प्रोप्रायटरी, म्हणजे बंद कोडचा, ग्राफिक्स ड्रायव्हर आहे. असा ड्रायव्हर असूनही चाचणी उपयोगी ठरते. मात्र बिघाड कर्नेलचा आहे की ड्रायव्हरचा, हे दाखवून देण्याची जबाबदारी तपासणाऱ्याची असते.

मर्ज विंडोच्या २ आठवड्यांत नवे बदल स्वीकारले गेल्यावर आरसी१ येते आणि अनेकदा ड्रायव्हर तिथेच अडतो. कर्नेलच्या अंतर्गत फंक्शनची रचना कायम राहील अशी हमी विकासक देत नाहीत. ती बदलली की कर्नेलमधल्या ड्रायव्हरांची दुरुस्ती सोबतच होते, बाहेरच्या मॉड्यूलला (कर्नेलला वेगळ्याने जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरच्या कोडला) मात्र निर्मात्याची वाट पाहावी लागते. डीकेएमएस हे साधन नव्या कर्नेलसाठी असे मॉड्यूल पुन्हा कंपाइल करते, पण मॉड्यूलच्या कोडमध्ये नव्या रचनेनुसार बदल करू शकत नाही. त्यामुळे बिल्ड अडले तर तो कर्नेलचा दोष म्हणून कळवू नये. ग्रब या बूट मेनूमध्ये जुने, चालते कर्नेल ठेवावे, हे ओघाने आलेच.

असे प्रोप्रायटरी मॉड्यूल लोड होताच कर्नेल स्वतःला ‘टेन्टेड’ (दूषित) ठरवते आणि ऊप्सच्या, म्हणजे कर्नेलमधल्या गंभीर चुकीच्या, लॉगमध्ये ‘पी’ हे अक्षर दिसते. मॉड्यूल काढून टाकले तरी ही खूण रीबूटपर्यंत जात नाही. बंद कोडच्या मॉड्यूलने मेमरीत काय केले हे विकासकांना पाहता येत नसल्यामुळे असा लॉग ते बहुधा बाजूला ठेवतात, आणि मला हे पूर्णपणे रास्त वाटते. सस्पेंडमधून परतताना स्क्रीन काळी राहिली, तर ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून (आपोआप लोड होऊ नये अशी सोय करून) रीबूट करावे, कार्डाला चालत असल्यास नूवो हा खुला ड्रायव्हर वापरावा आणि बिघाड पुन्हा घडतो का ते पाहावे. घडला, तर तो नवा लॉगच पाठवावा.

गिट बायसेक्ट, म्हणजे शोधाची कक्षा दरवेळी अर्धी करत दोषी बदल शोधणे, हेही याच, प्रोप्रायटरी मॉड्यूल नसलेल्या अवस्थेत करावे. ही पद्धत १० हजार कमिटांमधून (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलांमधून) साधारण १४ टप्प्यांत दोषी कमिट गाठते, परंतु मधल्या कित्येक कमिटांवर प्रोप्रायटरी मॉड्यूल बिल्डच होत नाही आणि दरवेळी ‘स्किप’ करावे लागल्याने शोध पसरट होतो. बिघाड फक्त त्या ड्रायव्हरसहच दिसत असेल, तर कर्नेलची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती आणि संपूर्ण डीमेसेज लॉग (कर्नेलच्या संदेशांची नोंद) जोडून तो ड्रायव्हरच्या निर्मात्याकडे नोंदवावा.