छातीत कळ आल्यानंतरचा पहिला तास

छातीत दुखू लागले की आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो ‘पित्त’. मग ओवा चावला जातो, सोडा घेतला जातो, पाठीला बाम चोळला जातो आणि सकाळी डॉक्टरांकडे जाऊ असे ठरते. माझ्या काकांच्या बाबतीत हेच घडले. रात्री दोन वाजता सुरू झालेले दुखणे अंगावर काढून ते सकाळी सात वाजता रुग्णालयात पोहोचले; वाचले, परंतु त्या पाच तासांत हृदयाचा जो स्नायू निकामी झाला तो परत मिळाला नाही, आणि आज एक जिना चढतानाही त्यांना मध्ये थांबावे लागते.

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि तिच्या पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासे होते. हा स्नायू साधारण अर्ध्या तासात मरू लागतो आणि पुढे काही तास मरतच राहतो. गुठळी घरात विरघळवता येत नाही, त्यामुळे घरच्यांचे खरे काम म्हणजे दुखणे वेळेत ओळखणे आणि रुग्णाला न दमवता रुग्णालयात पोहोचवणे.

या दुखण्याला बहुधा टोक नसते. छातीच्या मध्यभागी कोणी दगड ठेवला आहे किंवा आतून आवळले जात आहे असे वाटते आणि ‘कुठे दुखते?’ असे विचारल्यावर रुग्ण बोट न ठेवता संपूर्ण तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. कळ खांद्यात, एका किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत अथवा बेंबीच्या वरच्या भागात जाऊ शकते. सोबत दरदरून घाम, धाप, मळमळ किंवा अंधारी असेल तर पित्ताची शंका बाजूला ठेवावी. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, कारण त्यांना कधीकधी छातीत फारसे दुखतच नाही. केवळ धाप लागते, विलक्षण थकवा येतो किंवा उलटीची भावना होते. ‘जरा अशक्तपणा वाटतोय’ असे म्हणत ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या आईला त्या क्षणी खाली बसवणे हे घरातल्या प्रत्येकाचे काम आहे. पाच मिनिटे विसावूनही त्रास शमला नाही, किंवा सुरुवातीपासूनच घाम आणि धाप असेल, तर वाट पाहू नये.

महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ हा क्रमांक लावावा. ही रुग्णवाहिका विनामूल्य आहे. पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगावी आणि एका माणसाला रस्त्यावर उभे करावे. रुग्णाला पाठीला आधार देऊन, गुडघे किंचित वाकवून बसवावे. त्याला चालवू नये, जिना उतरू देऊ नये, दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये आणि स्वतः गाडी चालवू तर मुळीच देऊ नये. घरात एकटे असाल तर आधी फोन करावा, मग दाराची कडी काढून दाराजवळच बसावे.

अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, रक्तस्राव होत नसेल आणि पोटात व्रण नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून घ्यावी. चावल्याने ती लवकर शोषली जाते. जिभेखाली ठेवायची, रक्तवाहिन्या सैल करणारी सॉर्बिट्रेटची गोळी मात्र डॉक्टरांनी त्या रुग्णाला पूर्वी लिहून दिली असेल तरच द्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. शेजाऱ्याच्या डब्यातली गोळी देणे ही मदत नव्हे.

जोरजोरात खोकत राहिल्याने एकटा माणूस झटक्यातून वाचतो, असा संदेश वर्षानुवर्षे फोनवर फिरत आहे. त्यावर विश्वास ठेवू नये. माणूस शुद्धीवर आहे याचाच अर्थ हृदय रक्त ढकलत आहे, आणि हृदय थांबले तर काही सेकंदांतच शुद्ध हरपते. तेव्हा खोकायला कोणी जागे नसते. खोकण्यात गेलेली मिनिटे फोनसाठी हवी होती.

रुग्ण कोसळला, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर हृदय थांबले आहे असे धरून चालावे. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. त्याला कठीण जमिनीवर उताणे झोपवून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हाताचा तळवा ठेवावा, त्यावर दुसरा हात ठेवावा, कोपर ताठ ठेवावेत आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तोंडाने श्वास देता येत नसेल तर केवळ दाबत राहावे. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण दमलेले हात खोल दाबत नाहीत. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नये. मोडलेली बरगडी जुळते.

रुग्णालय निवडताना नावापेक्षा अंतर पाहावे. पोहोचल्यावर १० मिनिटांत ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, व्हायला हवा, आणि पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असल्यास तो पुन्हा काढण्याचा आणि रक्त तपासण्याचा आग्रह धरावा. अँजिओप्लास्टीची, म्हणजे बंद धमनी फुग्याने उघडण्याची, सोय दोन तासांच्या आत मिळणार नसेल, तर तालुक्याच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेऊन मग पुढे जाणे बहुधा अधिक हिताचे असते. थेट पुण्या-मुंबईचा हट्ट धरण्यात हा काळ निसटतो. संमतीच्या कागदावर सही करण्यासाठी परगावच्या मुलाची वाट पाहत बसू नये, फोनवर बोलून निर्णय घ्यावा. दुखणे किती वाजता सुरू झाले, कोणती गोळी किती वाजता दिली आणि नेहमीची औषधे कोणती, हे एका चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी लागणारे रेशनकार्ड आणि आधारकार्ड हाताशी असतील तर सोबत घ्यावेत. नसतील तर रुग्णासोबत निघावे आणि ते मागून कोणाला तरी आणायला सांगावेत.