एंडगेममध्ये प्यादं ढकलताना या चुका टाळा

बुद्धिबळात वजीर-हत्ती पटावरून गेले, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा (एंडगेम) आला, की आपला हात आपोआप राजाकडे जातो. ‘एंडिंगला राजा पुढे आणा’ हे पाठ झालेलं असतं. पण आधी प्यादी बघा.

पांढऱ्याची प्यादी ए५, बी५, सी५ (अक्षर म्हणजे उभा पट्टा, ‘फाईल’; आकडा म्हणजे आडवी ओळ). काळ्याची ए७, बी७, सी७. दोन्ही राजे लांब एच-फाईलवर, चाल पांढऱ्याची. एका रविवारच्या स्पर्धेत हेच माझ्यासमोर आलं आणि मी ऐटीत राजा घेऊन निघालो. समोरच्या आठ-नऊ वर्षांच्या पोरानं बी६ खेळलं, फट बुजली, डाव बरोबरीत. खरं तर बी६ मीच खेळायला हवं होतं! प्यादं फुकट दिल्यासारखं वाटतं. सी७च्या प्याद्यानं मारलं तर ए६. बी७नं ते मारलं की सी६, आणि हे प्यादं आता कुणाला सापडत नाही. ए७नं मारलं तर उलट: सी६, मग ए६. दोन प्यादी गेली, वजीर आला. फक्त काळा राजा वेळेत पोचणार नाही एवढं आधी मोजा. ई किंवा एफ-फाईलवर असेल तर हात आवरा.

काळ्याकडून खेळताना चाल आपली असेल तर बी६च. घाबरून ए६ केलं तर सी६ येतं, सी६ केलं तर ए६.

दुसरी चूक उतावीळपणाची. राजे समोरासमोर अडलेत, जो हलेल तो हरेल, आणि तुमचं एच२चं प्यादं अजून जागेवर आहे. समोर एच५ असेल तर एच४ करा. समोर एच६ असेल तर मात्र एच३. मग तो एच५, तुम्ही एच४, आणि हलायची पाळी त्याची. म्हणून न हललेलं प्यादं उगाच ढकलू नये.

तिसरी चूक: प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीरच करायचा. १८९५ साली ग्लासगोच्या एका साप्ताहिकात बुद्धिबळाचं सदर लिहिणाऱ्या बार्बिए यांनी एक स्थिती बरोबरीची म्हणून छापली: पांढरा राजा बी६, प्यादं सी७, काळा राजा ए१, हत्ती डी५, चाल काळ्याची. पांढरा शह चुकवत राजा सी२पर्यंत आणतो, तेव्हा काळा हत्ती डी४ला जातो. सी८ला वजीर केला तर हत्ती सी४वर शह देतो, तो मारला की स्टेलमेट (शह नाही, पण काळ्याला चालही उरत नाही, म्हणून बरोबरी). तिथेच राहणारे स्पॅनिश धर्मगुरू फर्नांडो साव्हेद्रा यांनी वजिराऐवजी हत्ती घेतला. आता ए८वर जाऊन मात द्यायची धमकी आहे. काळा हत्ती ए४ला येतो, पांढरा राजा बी३ला. हत्ती वाचवला तर सी१वर मात.