मळ्यातल्या घरामागचे पक्षी कसे बघायचे, आषाढापासून वळवापर्यंत

पक्षी बघायचे म्हणजे गाडी काढून नांदूरमध्यमेश्वरलाच जायचं, असा नाशकात एक समज झालाय. जागा भारीच आहे, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणी, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, हिवाळ्यात एकदा तरी जाऊन याच. पण तिथं तुम्ही दोन तासांचे पाहुणे. एकच पक्षी पावसाळ्यात कसा दिसतो, थंडीत कसा, उन्हाळ्यात गप्प का बसतो नाहीतर ओरडून डोकं का उठवतो, हे घरामागच्या परसातच कळतं, कारण तिथं तुम्ही वर्षभर आहात आणि तोही आहे.

आधी जागा ठरवा. एकच जागा, रोज तीच. मागच्या दाराची पायरी चालेल, गोठ्याच्या कडेला टाकलेली बाज चालेल. सकाळी बसणार असाल तर ऊन पाठीवर येईल असं बसा म्हणजे तोंड पश्चिमेला, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि मग उगाच वाद, कोतवाल होता का कोकीळ. उजाडल्यापासूनचा तास दीड तास सगळ्यात चांगला, मग संध्याकाळी ऊन कललं की. दुपारी पक्षीपण सावलीला जातात, तुम्हीपण जा.

दुर्बीण लगेच घेतलीच पाहिजे असं काही नाही, पण घेणार असाल तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितका उजेड जास्त. दुकानदार जास्त पटीची गळ्यात मारायला बघतो, पण पट वाढली की हाताचा कंपही तितकाच वाढतो आणि फांदीवरचा शिंपी सापडेपर्यंत उडून जातो. त्यापेक्षा एक वही पाहिजेच. तारीख, वेळ, कुठं बसला होता, काय करत होता. नाव नाही कळलं तरी चालेल, लिहून ठेवा की चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान, शेपटी सारखी वरखाली, जमिनीवर पळतो. चिमणी, साळुंकी, कावळा, घार ही चार मापं डोक्यात पक्की असली की अर्धं काम झालं. मर्लिन नावाचं फुकटातलं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, छान आहे, पण मोटार चालू असताना आणि पलीकडं ट्रॅक्टर असताना ते काहीही सांगतं, त्यामुळं पक्षी डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत पक्कं नाव लिहू नका.

आपल्याकडं पक्ष्यांचं वर्ष जानेवारीत नाही, पावसाच्या तोंडावर सुरू होतं असं मी धरतो. पेरणीच्या आधीपासूनच पावशा सुरू होतो, पेरते व्हा, पेरते व्हा, आवाज चढत चढत जातो आणि तुटतो, परत पहिल्यापासून. दिसणं मात्र अवघड, अंगावर शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखे पट्टे असतात आणि पानात गप्प बसतो. त्याच दिवसांत चातक येतो, काळापांढरा, डोक्यावर तुरा, हा थेट आफ्रिकेकडून पावसाबरोबर येणारा पाहुणा आहे, पावसाचे थेंबच पितो वगैरे गोष्टी सोडून द्या. या दोघांचाही डोळा असतो सातभाईंच्या घरट्यावर, अंडी तिथं घालायची आणि पोरं त्यांनी वाढवायची. म्हणून जुलै ऑगस्टमध्ये सातभाईंचा कलकलता घोळका आला की नीट बघा, त्यात एखादं वेगळ्याच अंगाचं पिल्लू तोंड वासून मागं मागं फिरताना दिसतं आणि बिचारे सातभाई त्याला अळ्या भरवत असतात. मला विचाराल तर अख्ख्या पावसाळ्यातला बघण्यासारखा प्रकार हाच.

विहिरीवर वाकलेली बाभूळ असेल तर सुगरण ठरलेलीच. घरटं नर बांधतो, आणि त्या दिवसांत त्याचं डोकं नि छाती पिवळीधमक असते, एरवी तो चिमणीसारखाच मातकट. अर्धं घरटं विणून तो पंख फडफडवत मादीला बोलावतो, तिला पसंत पडलं तर पुढचं बांधकाम, नाहीतर ते तसंच लोंबत राहतं, म्हणून झाडावर इतकी अर्धवट घरटी दिसतात. हे बघायला विहिरीच्या काठावर जाऊ नका, लांबून बघा, पावसात काठ निसरडा असतो. गायबगळ्याकडंही लक्ष ठेवा, याच काळात त्याचं डोकं, मान नि पाठ केशरी होते आणि लोकांना वाटतं नवाच पक्षी आलाय.

पितृपक्षात सगळ्यांना कावळा पाहिजे असतो. त्या निमित्तानं एवढं तरी बघून ठेवा की राखाडी मानेचा तो गावकावळा आणि सगळाच्या सगळा काळा, जाड चोचीचा तो डोमकावळा.

नवरात्र संपतं, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू असते आणि परसात परदेशी मंडळी उतरायला लागते. आधी परीट, म्हणजे धोबी, मोरीच्या पाण्याशी, गोठ्याच्या ओलीत शेपूट हलवत तुरूतुरू. मग थिरथिरा, काळसर अंग, पोट नि शेपूट विटकरी, कुंपणाच्या भिंतीवर बसून शेपटी अशी थरथरवतो की थंडी वाजतेय असंच वाटावं, आणि निफाडकडं पारा ५ अंशांच्या खाली जातो तेव्हा ते खरंही वाटतं. तारांवर माळभिंगऱ्या ओळीनं बसतात. तुमच्या परसात परीट पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला हे दरवर्षी लिहा, दोन चार वर्षांत वही वाचायला मजा येते. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो, ५ ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला सालिम अलींचा, शाळेतल्या पोरांना सोबत बसवायला हे दिवस चांगले. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते, निदान १५ मिनिटं बसून जे दिसलं ते ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचं एवढंच काम.

संक्रांतीला आपल्याकडं, येवल्यात तर विचारूच नका, पतंगांचा धुमाकूळ असतो. नायलॉन मांजाला बंदी आहे तरी तो झाडांवर अडकलेला सापडतोच. पुढचे काही दिवस परसातल्या झाडांवरून बांबूनं मांजा काढून गुंडाळून टाका, नाहीतर पिंगळा रात्री त्यातच अडकणार.

याच सुमाराला द्राक्षात गोडी भरते आणि बुलबुल, साळुंक्या, भोरड्या यांच्याशी शेतकऱ्याचं भांडण सुरू होतं. भांडण खरं आहे, फोडलेला मणी कोण घेणार, त्यामुळं जाळी लावू नका असं मी म्हणणार नाही. पण जाळी ताणून लावा, ढिली झोळ पडलेली जाळी म्हणजे फास, आणि सकाळ संध्याकाळ एक फेरी मारा. अडकलेला दिसला तर डोक्यावर फडकं टाका, अंधार झाला की पक्षी शांत होतो, मग कात्रीनं जाळीचा धागा कापा, पंख ओढू नका. भोरड्या बघायच्याच असतील तर पळस नि पांगारा फुलला की झाडाखाली थांबा, गुलाबी अंग, काळं डोकं, शेकड्यांनी येतात, आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाच्या दिशेनं निघून जातात.

उन्हाळा हा बसल्या जागी बघायचा सीझन. तांबट दिवसभर टुक टुक टुक, उंबराच्या वाळक्या फांदीत बीळ कोरतो, तेव्हा वाळलेली फांदी घरावर पडणार नसेल तर राहू द्या. दयाळ पहाटे अंधारातच गायला लागतो, थंडीत तो मुका असल्यासारखाच असतो म्हणून लोकांना वाटतं आत्ताच आला. शिंजीर नर आता जांभळा काळा चकाकतो आणि गाडीच्या आरशात दुसरा नर समजून स्वतःवरच टोचा मारत बसतो, आरशावर जुना मोजा घाला, त्याचीही दमछाक वाचेल आणि आरसाही.

पाणी ठेवायचं तर मातीचं पसरट भांडं, दोन बोटं खोल, पुरे. मध्ये एक खडबडीत दगड. झुडपाला अगदी चिकटून नको, मांजर तिथंच दबा धरते, चार पावलं मोकळी जागा सोडा. रोज घासून पाणी बदला, नाहीतर पक्ष्यांपेक्षा डास जास्त. बागेत फवारणी असेल त्या दिवशी भांडं आत घ्या. दाण्याचं मला फार कौतुक नाही, मूठभर बाजरी ठीक आहे, पण फरसाण, शिळा पाव अजिबात नको. त्यापेक्षा उंबर, शेवगा, जास्वंद लावा आणि झाडाखालचा पालापाचोळा रोज झाडू नका, सातभाईंचं सगळं जेवण त्यातच आहे. चिमणी दिवस २० मार्चला साजरा होतो, तो २०१० मध्ये सुरू करण्यात आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांचा पुढाकार होता, त्या दिवशी खोकं टांगायचं असेल तर सावलीत टांगा, पत्र्याखाली नको.

आणि मे महिन्यात वळवाचा पाऊस झोडपून गेला की सकाळी झाडांखाली फिरून बघा. पिल्लू उघडंबोडकं असेल आणि घरटं दिसत असेल तर उचलून परत ठेवा, माणसाचा वास लागला की आई टाकून देते हे खोटं आहे. पिसं फुटलेली असतील, टुणटुण उड्या मारत असेल तर त्याला काही झालेलं नाही, उडायला शिकतंय, फक्त कुत्रं मांजर लांब ठेवा आणि जवळच्या झुडपात सोडा, आईबाप वरच्या फांदीवरून ओरडत असतातच. खोक्यात घालून दूध भात भरवत बसू नका.