बिबट्या समजून कुत्र्याचा ठसा ग्रुपवर टाकला होता मी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला असल्यामुळं जंगल आपल्याला माहितीच आहे असं वाटायचं, वन्यजीव सर्व्हेला व्हॉलंटियर म्हणून जायला लागलो आणि सगळी हवा गेली. कणकुंबीकडच्या एका ओढ्याकाठी चिखलात तळहाताएवढा ठसा दिसला, मी लगेच फोटो काढून "बिबट्या" म्हणून गावच्या ग्रुपवर टाकला, दोन दिवस पोरं अंधार पडला की घराबाहेर पडेनात. मग एका गवळी मामांनी येऊन बघितलं. "आमचंच कुत्रं की रे हे, नखं दिसली नाहीत काय तुला?"

बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, पंजाच्या मधल्या मोठ्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे असतात. कुत्र्याची नखं बोटांपुढं टोचलेली दिसतात. पण ओल्या चिखलात पाय घसरून ठसा पसरतो, आणि घसरणीवर बिबट्याचीसुद्धा नखं उमटतात, त्यामुळं एका ठशावर कधीच नाव घेऊ नका, दहा-पंधरा पावलं माग काढत जा, एखादा तरी नीट ठसा मिळतोच.

म्हणून ठसे ओळखायची सुरुवात गावातच करा, कुत्रं, मांजर, म्हैस, गाय. कंटाळवाणं आहे पण यातच शिकायला मिळतं. गव्याचा खूर आणि गुरांचा खूर यात मी अजून फसतो, तेव्हा बाजूला गुराख्याच्या चपला उमटल्यात का ते आधी बघतो! सांबर आणि रानडुक्कर दोघांचे खूर दुभंगलेले, पण डुकराची मागची दोन छोटी नखं मऊ मातीत बाजूला बहुतेक वेळा उमटतात, सांबराची खोल चिखलातच. अस्वलाला पाच बोटं, नखांच्या खुणा बोटांपासून बऱ्याच पुढं, मागचा पाय तर अनवाणी माणसासारखा. मे महिन्यात करवंदाच्या बियांनी भरलेली विष्ठा आणि उकरलेलं वारूळ दिसलं, तेही ताजं, तर गुपचूप मागं फिरा.

ताजं कसं ओळखायचं? कडा धारदार असतात, आत पालापाचोळा नसतो, वरून किड्यामुंग्यांची वाट गेलेली नसते. बघायला जायचं ते सकाळीच, तिरप्या उन्हात ठसा उठून दिसतो, दुपारी सगळं सपाट. फोटो बरोबर वरून घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून.

आमच्या तालुक्यातलं भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे, आत परवानगी काढून आणि वनखात्याच्या वॉचरबरोबरच जायचं. वाघांची मोजणी आता ठशांवर होत नाही, कॅमेरा ट्रॅपच्या (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) फोटोंत दिसणाऱ्या वाघाच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून होते, पण कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा हे आम्ही अजून खाली मातीकडं बघूनच ठरवतो.