जुनी गाडी स्टार्ट होत नाहीये? पाकीट काढायच्या आधी या चुका टाळा

माझ्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), आणि घरात आधी प्रीमियर पद्मिनी होती, त्यामुळे "गाडी चालूच होत नाहीये, जरा येतोस का" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतोच. आणि दर वेळी तेच. मी पोचेपर्यंत बॅटरी उतरवलेली, प्लग काढलेले, कोणीतरी कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवलेला, आणि मूळ दोष काय होता ते आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही अशी अवस्था. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय.

पहिली चूक: न ऐकता पार्ट बदलणं

गाडी स्टार्ट होत नाही हे वाक्य अर्धवट आहे. चावी फिरवल्यावर काय होतं ते सांगा ना. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, फिरतच नाही, नुसतं कट्ट वाजतं? की सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडत नाही? की पकडतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं? ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. सेल्फच फिरत नसेल तर कार्ब्युरेटर उघडून काय मिळणार, आणि सेल्फ जोरात फिरत असेल तर नवी बॅटरी कशाला आणायची? पण लोक ऐकतच नाहीत, बॉनेट आधी उघडतात. मी तरी चावी फिरवताना काच खाली करतो, रेडिओ आणि पंखा बंद ठेवतो आणि हेडलाइट लावून समोरच्या भिंतीवर उजेड बघतो. सेल्फ मारल्यावर उजेड एकदम मेला तर बॅटरी उतरलीये किंवा बॅटरीचं टर्मिनल सैल आहे. उजेड तसाच लख्ख राहिला आणि नुसतं कट्ट झालं, तर बॅटरीला दोष देऊ नका, करंट सेल्फपर्यंत जात नाहीये किंवा सेल्फमधून परत येत नाहीये.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण यात माझे स्वतःचे पैसे गेलेत. गाडी अधूनमधून कट्ट करायला लागली. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली, बदलली. आठवड्याने परत तेच, मग सेल्फ खोलून कार्बन ब्रश आणि बुश नवे टाकले. पंधरा दिवस बरी चालली. मग गणपतीला साताऱ्याहून गुहागरला निघालो, पाटण सोडलं, कोयनानगरला चहाला थांबलो, आणि कुंभार्ली घाट पुढ्यात असताना गाडीने मान टाकली. पाऊस धो धो, मागच्या सीटवर आई आणि मांडीवर मखराचं सामान. मी सारखा सेल्फ मारतोय, कट्ट, कट्ट, कट्ट, आणि चोक (थंड इंजिनला पेट्रोलचं प्रमाण वाढवून देण्यासाठी ओढायची दांडी) ओढायला हात घातला तर ती दांडीच गरम! मग प्लास्टिक जळाल्यासारखा वास. तिथे डोक्यात प्रकाश पडला. चोकची वायर एरवी गरम कशी होईल, तर इंजिनातून बॅटरीकडे परत जाणारा करंट आपली नेहमीची वाट सोडून त्या बारक्या केबलमधून जात होता म्हणून. म्हणजे अर्थिंग, करंट परत जायची नेहमीची वाट, गेलेलं.

डिकीत जंपर केबल होती. काळ्या केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या बोल्टला, आणि चावी फिरवली तर अर्ध्या सेकंदात गाडी चालू. घरी आल्यावर मल्टीमीटर लावून मुद्दाम बघितलं: सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन खांबांवर १२ व्होल्टच्या वर दाखवतोय, म्हणजे बॅटरी ठणठणीत, आणि बॅटरीचा मायनस ते गिअरबॉक्स यांच्यामध्ये ७ व्होल्ट. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा दिसता कामा नये. बॉडीवरून गिअरबॉक्सला येणारी अर्थची वायर वरून शाबूत दिसत होती, पण बोल्ट काढला तर लगच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) खाली हिरवी-पांढरी बुरशी साचलेली आणि आतल्या निम्म्या तारा तुटलेल्या. नवी वायर अगदी किरकोळ किमतीत आली. त्याच्या आधी बॅटरी आणि सेल्फवर किती गेले ते आठवलं की अजून जीव जळतो.

म्हणून माझी सवय सांगतो. दर दिवाळीला बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि अर्थच्या वायरची दोन्ही टोकं मी सोडवतो (मायनस आधी काढायचा आणि शेवटी लावायचा), पॉलिश पेपरने चकचकीत करतो, घट्ट आवळतो आणि वरून पेट्रोलियम जेली लावतो. टर्मिनलवर पांढरं साचलं असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून ओतायचं, फक्त बॅटरीच्या झाकणातून ते आत जाऊ देऊ नका. अर्ध्या तासाचं काम आहे.

बॅटरीचं एवढंच लक्षात ठेवा: गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे फुल चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. गाडी चालू असताना १४च्या आसपास दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर अल्टरनेटर (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा, नवी बॅटरीसुद्धा चार दिवसांत उतरेल.

सेल्फ फिरतोय, पण इंजिन पकडत नाही

इथे सगळ्यात जास्त वाट लावतात ती अधीर माणसं. पूर्ण चोक ओढलेला, ॲक्सिलरेटर सायकलच्या पंपासारखा हाणतायत आणि सेल्फ तीस-तीस सेकंद सोडत नाहीत. कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की दर दाबेला पेट्रोलची एक धार आत जाते, इंजिन फिरत असो वा नसो. दहा वेळा दाबलात की प्लग पेट्रोलने चिंब, आता ठिणगी कुठून पडणार? बॉनेटजवळ पेट्रोलचा भपका आला की समजायचं गाडी फ्लड झाली. मग चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळाला दाबून धरून ठेवा, पंप करू नका, आणि सहा-सात सेकंद सेल्फ मारा. फडफड करत पकडेल, मग हळूच पाय सोडा. नाहीच पकडली तर दहा मिनिटं शांत बसा. खरंच बसा. बाहेर एक फेरी मारून या. मी आजवर जेवढ्या फ्लड झालेल्या गाड्या बघितल्यात त्यातल्या बऱ्याचशा नुसत्या थांबण्याने चालू झाल्यात, पण थांबायचं म्हटलं की लोकांच्या जिवावर येतं. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारायचाच नाही, मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्यायची, नाहीतर मोटर जळते.

थंडीत माझी पद्धत: चोक पूर्ण ओढायचा, ॲक्सिलरेटर एकदाच दाबून सोडायचा, पाय बाजूला, मग चावी. इंजिन पकडलं की चोक थोडा थोडा आत. गरम गाडीला चोकला हातही लावायचा नाही.

तरी पकडत नसेल तर एक प्लग काढून बघा, तो सगळं सांगतो. ओला आणि पेट्रोलचा वास येतोय म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट बघा. कोरडा ठणठणीत म्हणजे पेट्रोलच येत नाहीये. एवढ्यावरून निम्मं काम संपतं, तरी लोक प्लग बघायच्या ऐवजी थेट नवे आणून घालतात.

करंट बघायचा तर प्लग वायरीला जोडून त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकवायचा आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगायचं. वायर इन्सुलेटेड पक्कडीने धरा. प्लगच्या उघड्या भोकापासून लांब, सांडलेलं पेट्रोल आधी पुसून. निळी, कडक आवाजाची ठिणगी पाहिजे. पिवळट, मरतुकडी असेल तर पॉइंट (ठिणगीसाठी करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि त्याला जोडलेला कंडेन्सर बघा. पद्मिनीत आणि जुन्या ८००मध्ये पॉइंट असतात, ते काळे पडतात, गॅप कमी होतो. मी फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्टीने) ०.४५ मिमी ठेवतो. काही जण व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप लावतात, रस्त्यात अडकलात तर ठीक आहे, पण घरी गेज असताना असलं काम करू नका. पावसाळ्यात ठिणगीच नसेल तर आधी डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप काढून आतून कोरड्या कापडाने पुसा आणि उजेडात धरून बघा, पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर कॅपला तडा गेलाय, बदलाच.

पेट्रोल येत नसेल तर पहिलं म्हणजे टाकीत आहे का बघा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका.

मे महिन्यात घाट चढून वर थांबलात आणि पंधरा मिनिटांनी गाडी चालू होईना, तर तो बहुतेक व्हेपर लॉक. लाइनमधलं पेट्रोल उकळून वाफ झालेली असते आणि एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) वाफ ओढू शकत नाही. बॉनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं ठेवा, वीस मिनिटं थांबा. इथेही लोक बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारतात.

कार्ब्युरेटरमध्ये वरून पेट्रोल ओतणं

हे करू नका. नाही म्हणजे नाही. इंजिनाने उलटा भडका मारला की तो थेट तुमच्या तोंडावर येतो. माझ्या मावसभावाच्या भुवया आणि पुढचे केस असेच जळाले, डोळे थोडक्यात वाचले. "सगळे मिस्त्री करतात" हे कारण मला सांगू नका.

जंप स्टार्ट करताना प्लसला प्लस, मग चांगल्या गाडीचा मायनस, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्या डोक्यावर ठिणगी नको.

धक्का मारून स्टार्ट करायची तर दुसऱ्या गिअरमध्ये, पहिल्यात नाही.

महिनोन्‌महिने उभी असलेली गाडी असेल तर जुनं पेट्रोल काढून टाका, त्याला व्हार्निशसारखा वास येतो आणि कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोलची बारीक भोकं) बुजतात. आणि वायरिंग उंदरांनी खाल्लंय का ते टॉर्च मारून बघा.

एक शेवटचं, हल्ली मुद्दाम बघावं लागतं असं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्यांचे रबरी पाइप, पंपाचे डायफ्राम (आतले लवचिक पडदे) त्यासाठी बनवलेलेच नाहीत. पाइप बोटांनी दाबून बघा, पिठासारखा मऊ लागला किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर तो त्याच दिवशी बदला. असा पाइप आधी हवा ओढतो आणि सकाळी गाडी पकडायला वेळ लावते, आणि नंतर तोच गरम इंजिनवर पेट्रोल गाळतो.